'बाय फ्रायडे' की 'अनटिल फ्रायडे'? मराठीत दोन्हीला 'पर्यंत'च येतं, मग ओळखायचं कसं?

टेरी_ऑफिस

नमस्कार. मी सोलापूरला अक्कलकोट रोड एमआयडीसीत एका टेरी टॉवेलच्या कारखान्यात ऑफिस बघते. परदेशातल्या ग्राहकांच्या मेल वाचून मालकांना मराठीत सांगायच्या आणि ते जे सांगतील ते इंग्रजीत लिहून पाठवायचं, हे काम माझ्याकडे आहे. शिक्षण मराठी माध्यमातून, बी.कॉम.

परवा जर्मनीच्या एका ग्राहकाची मेल आली. त्यात लागोपाठ दोन वाक्यं होती. 'प्लीज सेंड द सॅम्पल्स बाय द ट्वेल्फ्थ.' आणि लगेच खाली, 'दिस ऑफर इज ओपन अनटिल द ट्वेल्फ्थ.' मी मालकांना दोन्ही वाक्यं 'बारा तारखेपर्यंत' अशीच सांगितली. मालक स्वतः इंग्रजी फारसं वाचत नाहीत, पण कान तीक्ष्ण आहे. म्हणाले, "एकाच दिवसासाठी दोन वेगळे शब्द वापरलेत म्हणजे काहीतरी वेगळं म्हणायचं असणार. विचार कुणालातरी."

आमच्याकडे मेलचा जुना नमुना आहे, त्यात 'द गुड्स विल बी रेडी टिल फ्रायडे' असं आहे. तो आता नव्याने करायचाय. मला रोज लागणारी वाक्यं साधारण अशी: माल शुक्रवारपर्यंत तयार होईल. सूत सोमवारपर्यंत येणार नाही. कंटेनर येईपर्यंत पॅकिंग पूर्ण करू. जोपर्यंत ॲडव्हान्स जमा होत नाही तोपर्यंत माल सुटणार नाही. दर 31 मार्चपर्यंत लागू राहतील.

या पाचही वाक्यांत 'पर्यंत' आहे. कुठे 'बाय' आणि कुठे 'अनटिल', हे ठरवायची काही पक्की खूण आहे का? पाठांतर करायचं नाही, समजून घ्यायचंय. आणि 'टिल' हा तिसरा शब्द आहे की 'अनटिल'च?

सातरस्ता_मास्तर

तुमच्या मालकांनी नेमकं बोट ठेवलंय. फरक आहे, आणि व्यवहारात तो मोठा आहे.

'बाय' म्हणजे ते काम त्या वेळेला किंवा तिच्या आधी केव्हातरी एकदा होऊन जाईल. 'अनटिल' म्हणजे एखादी गोष्ट आत्ता चालू आहे, ती त्या वेळेपर्यंत तशीच चालू राहील आणि तिथे थांबेल. तुमच्या ग्राहकाचं म्हणणं असं आहे की नमुने बारा तारखेला किंवा त्याआधी रवाना करा, नऊला केले तरी चालेल. (त्याने 'सेंड' म्हटलंय. बारा तारखेला नमुने हातात हवे असते तर 'रीच अस' म्हटलं असतं. तरी एकदा विचारून घ्या, कारण कुरियरचे चार-पाच दिवस मध्ये जातात.) दुसऱ्या वाक्यात ऑफर आजपासून उघडी आहे, ती बारापर्यंत उघडी राहील, मग बंद.

आता एक जोडी बघा. नवी पेठेतलं एखादं दुकान डोळ्यासमोर आणा. 'द शॉप विल बी ओपन बाय नाइन' असं कुणी म्हटलं तर तो सकाळचं बोलतोय, नऊ वाजता जा, दुकान उघडलेलं असेल. 'द शॉप विल बी ओपन अनटिल नाइन' म्हटलं तर रात्रीचं, नऊला शटर खाली येईल. एक शब्द बदलला आणि सकाळची रात्र झाली. मराठीत हेच कसं सांगतो? 'नऊपर्यंत दुकान उघडेल' आणि 'नऊपर्यंत दुकान उघडं राहील'. 'पर्यंत' दोन्हीकडे तसाच आहे, बदललंय ते क्रियापद. जो फरक आपण क्रियापदात ठेवतो तो इंग्रजीने त्या छोट्या शब्दात ठेवलाय. मला या विषयात सगळ्यात महत्त्वाचं हेच वाटतं, आणि वर्गात मुलांना हे एकदा दिसलं की पुढचं त्यांचं ते करतात. भाषांतर करताना 'पर्यंत'वर नजर खिळवू नका, वाक्याच्या शेवटी जा आणि तिथलं क्रियापद काय करतंय ते बघा.

तुम्ही खूण विचारलीत. क्रियापदाला 'राहणे' जोडून बघा. 'शुक्रवारपर्यंत थांबतो' याचं 'थांबून राहतो' केलं तर अर्थ तोच राहतो, म्हणून 'अनटिल'. 'शुक्रवारपर्यंत माल पाठवतो' याचं 'पाठवत राहतो' केलं की अर्थच पालटतो, म्हणून 'बाय'. थांबणे, असणे, झोपणे, चालू असणे, लागू असणे, सांभाळणे ही पहिल्या गटातली. पाठवणे, पोचणे, संपवणे, भरणे, मिळणे, ठरवणे ही दुसऱ्या गटातली.

या खुणेने तुमचा जुना नमुना तपासा. 'द गुड्स विल बी रेडी टिल फ्रायडे' याचा इंग्रजी माणसाला लागणारा अर्थ: माल तयार आहे, शुक्रवारपर्यंत तयार राहील, नंतरचं सांगता येत नाही. म्हणजे त्याला वाटणार की शुक्रवारच्या आत उचलला नाही तर माल दुसऱ्याला जाईल. आणि 'वुई विल सेंड द गुड्स टिल फ्रायडे' लिहिलंत तर रोज थोडा थोडा माल पाठवत राहू आणि शुक्रवारी थांबू, असं वाचलं जाईल. तुम्हाला यातलं काहीच म्हणायचं नाही. 'द गुड्स विल बी रेडी बाय फ्रायडे' लिहा.

आणखी एक खूण लोक सांगतात: 'शुक्रवारच्या आत' असं म्हणता आलं तर 'बाय'. खूण बरी आहे, पण तिच्यात दोन अडचणी आहेत. एक, 'आत' म्हटलं की हात आपोआप 'विदिन'कडे जातो आणि 'विदिन फ्रायडे' असं काहीतरी लिहिलं जातं. 'विदिन'ला कालावधी लागतो, 'विदिन टेन डेज', 'विदिन टू वीक्स'. वार किंवा तारीख त्याच्यापुढे येत नाही. दुसरी अडचण म्हणजे 'शुक्रवारच्या आत' यात आपल्याकडे काही जण शुक्रवार धरतात, काही धरत नाहीत. इंग्रजीत 'बाय फ्रायडे'मध्ये शुक्रवार धरलेला असतो, 'बिफोर फ्रायडे'मध्ये नसतो. गुरुवार संध्याकाळ हीच शेवटची मुदत असेल तर 'बाय थर्सडे' लिहा, म्हणजे वादच नको.

'टिल' आणि 'अनटिल' एकच. पुष्कळ जणांना 'टिल' हा 'अनटिल'चा तुकडा वाटतो, पण इतिहास उलटा आहे. 'टिल' आधीचा, 'अनटिल' नंतर बनलेला. म्हणून 'टिल'च्या डोक्यावर लोपचिन्ह (अ‍ॅपॉस्ट्रॉफी) देण्याचीही गरज नाही. पत्रव्यवहारात 'अनटिल' जरा औपचारिक दिसतं, तेच ठेवा.

आता 'येईपर्यंत'. 'कंटेनर येईपर्यंत थांबा' आणि 'कंटेनर येईपर्यंत पॅकिंग संपवा', इथेही मराठीने एकच रूप दोन कामांना लावलंय. पहिलं सोपं आहे: 'वेट अनटिल द कंटेनर कम्स'. 'अनटिल'च्या मागे अख्खं उपवाक्य लागू शकतं. 'बाय'च्या मागे ते लागत नाही, त्याला मध्ये आधार द्यावा लागतो, 'बाय द टाइम द कंटेनर कम्स'. आणि 'बाय' असलं की इंग्रजीला पूर्ण काळ आवडतो, कारण त्या क्षणी मागे वळून 'हे झालेलं असेल' असं बघायचं असतं. 'वुई विल हॅव फिनिश्ड द पॅकिंग बाय द टाइम द कंटेनर कम्स.' झालेल्या गोष्टीबद्दल असेल तर 'वुई हॅड फिनिश्ड द पॅकिंग बाय द टाइम द कंटेनर केम.'

जागेसाठीचं 'पर्यंत' वेगळं. हुतात्मा एक्सप्रेस पुण्यापर्यंत जाते, हे सांगायला 'अनटिल पुणे' नाही, 'अ‍ॅज फार अ‍ॅज पुणे'. 'पाचशे नगांपर्यंत सूट नाही', इथे 'अप टू'. या दोन्ही ठिकाणी 'अनटिल' चालत नाही. मात्र 'आय स्लेप्ट अनटिल कुर्डुवाडी' चालतं, कारण तिथे कुर्डुवाडी म्हणजे गाव नाही, गाडी कुर्डुवाडीला पोचली ती वेळ.

एक गोष्ट मनापासून सांगतो. आपल्या मुलांच्या हातातल्या गाइडमध्ये 'बाय'समोर 'ने, कडून' एवढंच छापलेलं असतं आणि 'अनटिल'समोर 'पर्यंत'. मग 'पर्यंत' दिसलं की मूल 'अनटिल' किंवा 'टिल' लिहिणारच, 'बाय' त्याच्या मनात येईलच कसा? मुलांची चूक मानायला मी तयार नाही. शब्दाला शब्द लावून शिकवण्याचा हा परिणाम आहे, आणि हुशार मुलं नोकरीत गेल्यावर त्याची किंमत मोजतात.

नकाराची वाक्यं मुद्दाम मागे ठेवली आहेत. तिथे 'राहणे'ची खूण जरा वेगळी चालते. सवडीने लिहितो.

पूर्वभाग_माग

मास्तरांनी छान सांगितलंय. मी त्यात आमच्या घरातली एक गोष्ट घालतो.

आमचं घर पूर्व भागात, पिढ्यान् पिढ्या मागावरचं. घरात तेलुगू बोलतो, शाळा मराठी. तेलुगूत आम्ही 'शुक्रवारम् लोपु' म्हणतो आणि 'शुक्रवारम् वरकु' म्हणतो. पहिलं म्हणजे शुक्रवार संपायच्या आत काम झालं पाहिजे. दुसरं म्हणजे शुक्रवारपर्यंत चालू राहणार. 'शुक्रवारम् कल्ला' असंही म्हणतात, तेही पहिल्यासारखंच. शेजारी कन्नड आहेत, त्यांच्यात 'शुक्रवारदोळगे' आणि 'शुक्रवारदवरेगे'. म्हणजे बगा, 'लोपु' आणि 'ओळगे' या बाजूला 'बाय', 'वरकु' आणि 'वरेगे' या बाजूला 'अनटिल'. सगळ्या वाक्यांत तंतोतंत बसतं असं नाही, पण बहुतेक ठिकाणी बसतं.

आपल्या सोलापुरात कारखान्यात निम्मी माणसं घरी तेलुगू नाहीतर कन्नड बोलणारी असतात की ओ. त्यांच्या तोंडात हा फरक लहानपणापासून आहे. शाळेत इंग्रजी मराठीतून शिकवलं, म्हणून तो तिथल्या तिथेच राहिला, कुणी घरच्या भाषेला जोडून दाखवलं नाही. मी माझ्या मुलीला असंच शिकवतो. आधी तेलुगूत म्हण, 'लोपु' आलं की 'बाय' लिही. तिला एकदम बसलं.

ताई, तुमच्या खात्यात कुणी जॉबर नाहीतर कांडीवाली मावशी तेलुगू असतील तर तुमची पाच वाक्यं त्यांना तेलुगूत म्हणायला लावा. 'लोपु' कुठे येतं आणि 'वरकु' कुठे, तेवढं ऐका.

टेरी_ऑफिस

सर, फार उपयोग झाला. दादा, तुम्ही म्हणालात तसं आज दुपारी केलं. हेमिंगला ज्या मावशी आहेत त्यांना विचारलं. 'माल शुक्रवारपर्यंत तयार होईल' याला त्यांनी लगेच 'लोपु' म्हटलं आणि दरांच्या वाक्याला 'वरकु'. पण 'सूत सोमवारपर्यंत येणार नाही' याला त्या थांबल्या. म्हणाल्या, "सोमवारी येणार आहे का, का सोमवारी पण नाही? ते सांग, मग सांगते."

सर, हेच मलाही अडतंय. 'येणे' हे एकदा घडणारं क्रियापद आहे, म्हणजे 'बाय' हवं. पण मी 'द यार्न विल नॉट कम अनटिल मंडे' असंही वाचलेलं आहे. दोन्ही बरोबर आहेत का?

सातरस्ता_मास्तर

तुमच्या मावशींनी जो प्रश्न विचारला तोच व्याकरणाचा प्रश्न आहे. त्यांना माझा नमस्कार सांगा.

दोन्ही वाक्यं बरोबर आहेत, अर्थ वेगळे आहेत. 'द यार्न विल नॉट कम अनटिल मंडे' म्हणजे सूत सोमवारी येईल, त्याआधी नाही. यात आश्वासन आहे. 'द यार्न विल नॉट कम बाय मंडे' म्हणजे सोमवार उजाडून मावळला तरी सूत आलेलं नसेल, पुढे केव्हा येईल ते या वाक्यात नाही. यात फक्त वाईट बातमी आहे. ग्राहकाला यातलं कुठलं पाठवताय यावर तो मंगळवारचं नियोजन करणार.

आता 'येणे' एकदाच घडतं, मग 'अनटिल' कसं चाललं? कारण 'न येणे' एकदा घडत नाही, ते चालू राहतं. आज आलं नाही, उद्या आलं नाही, रविवारी आलं नाही. नकार लागला की कुठलंही क्रियापद टिकून राहणाऱ्या स्थितीसारखं वागतं, म्हणून 'अनटिल' त्याला लावता येतं. मराठीतही 'सोमवारशिवाय सूत येणार नाही' म्हटलं की पहिला अर्थ मिळतो. त्या जागी 'नॉट अनटिल' लिहायचं. 'सोमवारपर्यंतही येणार नाही' म्हटलं की दुसरा, तिथे 'नॉट बाय'. तो एक 'ही' मराठीत केवढं काम करतो!

ॲडव्हान्सच्या वाक्याकडे जरा जास्त लक्ष द्या. 'जोपर्यंत ॲडव्हान्स जमा होत नाही तोपर्यंत माल सुटणार नाही.' मराठीत दोन्हीकडे 'नाही' आहे आणि ते योग्यच आहे, आपली भाषा तशी आहे. ते जसंच्या तसं इंग्रजीत नेलं की 'अनटिल यू डोन्ट पे, वुई विल नॉट रिलीज द गुड्स' असं होतं. इंग्रजी कानाला याचा अर्थ जवळजवळ उलटा लागतो, तुम्ही पैसे देणं थांबवेपर्यंत माल सोडणार नाही असा काहीतरी. इंग्रजीत नकार एकाच बाजूला, मुख्य वाक्यात. 'वुई विल नॉट रिलीज द गुड्स अनटिल वुई रिसीव्ह दि ॲडव्हान्स.' 'अनटिल'च्या बाजूला 'नॉट' आणू नका.

आपल्याकडे 'अनटिल अँड अनलेस' म्हणायची पद्धत पडली आहे. 'अनटिल' वेळ सांगतं, 'अनलेस' अट सांगतं. ॲडव्हान्स येणार हे नक्की आहे, फक्त केव्हा तो प्रश्न आहे, तर 'अनटिल'. येईल की नाही हेच नक्की नसेल तर 'अनलेस'. मेलमध्ये दोन्हीपैकी एक पुरतं.

पूर्वभाग, तुमच्या मुलीला तुम्ही ज्या वाटेने नेलंत ती मला वर्गात कधीच कुणी सुचवली नव्हती. माझ्या वर्गात घरी तेलुगू आणि कन्नड बोलणारी कितीतरी मुलं असायची. आता संध्याकाळी शिकायला येणाऱ्या मुलांना त्यांच्या घरच्या भाषेत आधी म्हणायला लावणार आहे. आणि टेरी_ऑफिस, तुमच्या जर्मन ग्राहकाचीही गत आपल्यासारखीच. जर्मन भाषेत दोन्हींसाठी 'बिस' हा एकच शब्द चालतो. त्यालाही हा फरक कधीतरी शिकावाच लागला असणार.

एलसी_कागद

मी बँकेत परकीय व्यापाराच्या कागदपत्रांवर काम करायचो, म्हणून व्याकरण सोडून एक गोष्ट सांगतो. सोलापुरातल्या टॉवेल-चादरीच्या निर्यातदारांना ती लागतेच.

ताई, मेलमध्ये तुम्ही काय लिहिता ते मास्तर सांगतात तसं. पण एलसीवर (लेटर ऑफ क्रेडिट, म्हणजे ग्राहकाच्या बँकेने पैशांची दिलेली लेखी हमी) व्यवहार असेल तर या शब्दांचा अर्थ शब्दकोशावर सोडलेला नाही. आंतरराष्ट्रीय वाणिज्य मंडळाचे नियम आहेत, यूसीपी 600, 1 जुलै 2007 पासून लागू. त्याच्या तिसऱ्या कलमात सांगितलंय की शिपमेंटची मुदत ठरवताना 'टू', 'अनटिल', 'टिल', 'फ्रॉम', 'बिटवीन' हे शब्द आले तर लिहिलेली तारीख धरायची. 'बिफोर' आणि 'आफ्टर' आले तर ती तारीख सोडायची. 'ऑन ऑर अबाउट' असेल तर त्या तारखेच्या आधीचे पाच आणि नंतरचे पाच दिवस, दोन्ही टोकं धरून. साध्या इंग्रजीत 'अनटिल फ्रायडे'मध्ये शुक्रवार येतो की नाही यावर दोन माणसं भांडू शकतात. अमेरिकन लोक म्हणूनच 'थ्रू फ्रायडे' म्हणतात, त्यात शुक्रवार नक्की येतो. एलसीत ते भांडण या कलमाने मिटवलंय. 'बाय' मात्र त्या यादीत नाही. त्याची गरजही पडत नाही, कारण स्विफ्टने (बँकांच्या आपसातल्या संदेशांच्या यंत्रणेने) येणाऱ्या एलसीत 44सी या रकान्यात शिपमेंटची शेवटची तारीख थेट आकड्यात असते. 31डी मध्ये एलसी संपायची तारीख आणि ठिकाण. हे दोन रकाने आधी वाचा, मेलमधली वाक्यं नंतर.

आणि 'शिपमेंट' म्हणजे अक्कलकोट रोडवरून ट्रक सुटला तो दिवस नव्हे. समुद्रमार्गे माल जात असेल तर न्हावा शेवा बंदरात जहाजावर चढल्याची बिल ऑफ लेडिंगवरची (जहाज कंपनीच्या मालपावतीवरची) तारीख बघतात. '31 मार्चपर्यंत शिपमेंट' असं ठरलं असेल आणि ट्रक 30ला निघाला, तर कागदावर मुदत हुकण्याचीच शक्यता जास्त. ग्राहकाला मेलमध्ये 'डिस्पॅच' लिहिताय की 'शिपमेंट', हे 'बाय' आणि 'अनटिल'इतकंच जपून ठरवा.

टेरी_ऑफिस

काका, 44सी आजच उघडून बघितला. आमच्याकडे मेलमध्ये सर्रास 'डिस्पॅच' लिहितात. मालकांना दाखवलं, ते म्हणाले यापुढे कारखान्यातून निघायची तारीख आणि जहाजाची तारीख वेगवेगळ्या ओळीत लिहायची.

सर, नवा नमुना असा केलाय. बघता का?

'द गुड्स विल बी रेडी बाय फ्रायडे. द यार्न विल नॉट अराइव्ह अनटिल मंडे. वुई विल हॅव फिनिश्ड द पॅकिंग बाय द टाइम द कंटेनर विल कम. वुई विल नॉट रिलीज द गुड्स अनटिल वुई रिसीव्ह दि ॲडव्हान्स. दीज प्राइसेस आर व्हॅलिड अनटिल 31 मार्च.'

सूत सोमवारी नक्की येणार आहे, म्हणून 'नॉट अनटिल' घेतलं.

सातरस्ता_मास्तर

पाचही ठिकाणी शब्द बरोबर पडलाय. दोन बारीक दुरुस्त्या आहेत.

तिसऱ्या वाक्यात शेवटचं 'विल' काढा, 'बाय द टाइम द कंटेनर कम्स'. 'अनटिल' आणि 'बाय द टाइम' यांच्या मागच्या उपवाक्यात भविष्यकाळाची गोष्ट साध्या वर्तमानकाळात सांगायची असते. चौथ्यात तुम्ही 'वुई रिसीव्ह' लिहिलंय, तिथे हे आपोआप पाळलं गेलंय.

पाचव्यात 31 तारीख धरलेली आहे हे स्पष्ट करायचं असेल तर 'अप टू अँड इन्क्लुडिंग 31 मार्च' लिहा. दर कधीपर्यंत लागू ही गोष्ट शिपमेंटच्या मुदतीत येत नाही, तिथे यूसीपीचं कलम मदतीला येणार नाही.